करवतमाशाच्या दातांची तपासणी

विषय : शेजारी राव सर यांच्या प्राचीन करवतमाशाची मी केलेली अनधिकृत तपासणी.

उपरोक्त विषयास अनुसरून काय निवेदन करू? हसायचंय तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

राव सर म्हणजे आमच्या विजयनगरातले निवृत्त विज्ञान शिक्षक. करवतमासा म्हणजे त्यांच्या जावयाने मोरोक्कोहून आणलेला जीवाश्म. हातभर लांब नाक, दोन्ही बाजूंना दात, मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष! रविवारी गल्लीतल्या मुलांना दाखवायचा होता. सर कृष्णराजनगरला लेकीकडे निघाले आणि नाक माझ्याकडे ठेवून गेले. विश्वासाने!

आता नोकरीभर माझं काम काय होतं? आलेल्या कागदावर संशय घेणं. त्यात मी वाचलेलं, की सुटे दात चिकटवून अख्खं नाक म्हणून विकतात. नाक निरखलं. फारच नीटनेटकं! काळंबेरं असल्याशिवाय कुठली वस्तू इतकी नीटनेटकी असते, सांगा बघू?

"गरम पाण्यात बुडवतो. गोंद असेल तर सुटेल."

"अहो, लोकांचं सामान ते! सुम्ने, गप बसा की!" बायको ओरडली.

बसतोय कसला? बादलीत नाक घातलं. थोड्या वेळाने टप्‌, टप्‌! दात सुटले. पकडला चोर! आनंदाच्या भरात मी बादली मोरीत उपडी केली. सगळ्यात मोठा दात माझ्या डोळ्यांदेखत जाळीतून खाली गेला.

सर परतले. मी हळूच म्हटलं, "सर, जावयाला फसवलं हो कुणीतरी."

"अय्यो! दात खरेच आहेत. नाक मी केलं, प्लास्टरचं. खरं नाक हाडाचं नसतं, आपल्या कानासारखं कूर्चेचं, कुजून जातं. बहुतेक दातच उरतात. हेच तर मुलांना सांगणार होतो!" मग दात मोजून म्हणाले, "मोठा कुठाय?"

मी मोरीकडे बोट दाखवलं.

"मग रविवारी मुलांना काय दाखवू? तुम्हाला?"

गेलो महापालिकेच्या कचेरीत, रस्त्यावरचं गटाराचं झाकण उघडा म्हणून अर्ज घेऊन. तिथल्या कारकुनाने विचारलं, "काय पडलंय?"

"दात."

"तुमचा?"

"माशाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

त्याने चष्म्यावरून मला आपादमस्तक न्याहाळलं. "खरा कशावरून? जाणकाराचं पत्र जोडा."

माझ्या ओळखीत जाणकार एकच, राव सर. ते माझ्याशी बोलत नाहीत.

अर्ज प्रलंबित आहे.