भाऊजींचा गुणी ट्रक

सकाळचा दुसरा चहा गाळत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात धाकटे दीर. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे आणि चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद.

"वहिनी, पीठ चाळून उरलेला कोंडा आहे? मूठभर द्या."

"कशाला? कोंबड्या पाळल्यात की काय?"

"रेडिएटर गळतोय. आत कोंडा टाकला की तो फुगतो आणि भोक बुजवतो. मेकॅनिक लोक उगाच नवा रेडिएटर गळ्यात मारतात."

मेकॅनिक या जातीवर भाऊजींनी आयुष्यात विश्वास ठेवला नाही. ट्रक मात्र असा निवडला की मेकॅनिकशिवाय त्याचं पान हलू नये. दार सुतळीने बांधलेलं, हॉर्नला कायमची सर्दी, आणि चालवणाऱ्याचा रुबाब विमानाच्या पायलटचा.

गेल्या वर्षी गिअरबॉक्स कण्हायला लागला, तेव्हा जाऊबाईंनी "आता विकाच" म्हणून धोशा लावला. भाऊजी कबूल झाले. गिऱ्हाइकाला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी गिअरच्या तेलात लाकडाचा भुसा कालवला. झिजलेल्या दात्यांचा आवाज भुशाने दबतो. झीज आहे तिथेच राहते. गिऱ्हाईक आलं, खूशही झालं. पण द्यायच्या आधी भाऊजींनी शेवटची एक चक्कर मारली आणि परत येऊन त्या भल्या माणसाला वाटेला लावलं. म्हणाले, "इतका गुणी ट्रक कुणी विकतं का?" दुसऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात स्वतः शिरून वर तिथेच उशी घेऊन आडवा होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आज याच गुणी ट्रकने माझ्या पुतणीचं सामान हलवायचं होतं. तिची भाड्याची खोली दुपारच्या आत रिकामी व्हायला हवी होती. नवा भाडेकरू बिऱ्हाड घेऊन यायचा होता. पोरगी बिचारी म्हणत होती, "बाबा, मी टेम्पो ठरवते." पण बाबा ऐकतील तर ना! घरचा ट्रक असताना लेकीने भाड्याची गाडी आणायची?

कोंडा रेडिएटरमध्ये गेला. भोक बुजलं, हे कबूल करायला हवं. बाकीच्या नळ्याही बुजल्या. फाटकाबाहेर पडून ट्रक चढाला लागतो न लागतो तोच बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. भाऊजींनी घाबरून खाडकन गिअर बदलला, तर चमच्यांचा डबा जिन्यावरून गडगडावा तसा आवाज झाला. मग ट्रक ना पुढे जाईना, ना मागे.

भाऊजी खाली उतरले. "आज हवाच फार गरम आहे."

"मी स्वेटर घातलाय," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात फोन होता. "लेक विचारतेय, खाट जिन्यात काढून ठेवलीय. काय सांगू?"

"सांग, निघालोय म्हणून."

"तुम्ही निघालात हो. ट्रकला कुणी सांगायचं?"

वरून गॅलरीतून आमच्या ह्यांनी दाढीच्या फेसासकट विचारलं, "काय रे, भुसा संपला का?"

मी हसू दाबून म्हटलं, "आता टेम्पोवाल्याला फोन करूया का?"

"कालच केलाय," जाऊबाईंनी शांतपणे सांगितलं. "कोपऱ्यावर उभा आहे. मी जाते त्यात पुढे बसून. हे बसतील इथे ट्रकला वारा घालत."

मी वळून भाऊजींकडे पाहिलं. ते अंगणातल्या नळाखाली हात घासत होते. ग्रीस पाण्याने जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी घासत होते. मग शर्टालाच हात पुसत माझ्याजवळ आले.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत तर ही ऐकेल. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मला बसू दे म्हणावं."