कोमट डोस

सिंधूताईचा हात गरम राहे. हे पहिलेच सांगते, कारण माझ्या जयाचा पाय गेला त्याचं खापर त्या हातावर फुटलं, आणि मी ते फुटू दिलं.

ती आमच्या इतवारीकडच्या मोहल्ल्यात लस द्यायले येणारी नर्स. विधवा, पायात रबरी चपला, आणि बोलणं असं फटकळ की माझा नवरा धोंडबा लुगड्याचा माग सोडून आत जाऊन बसे. "तुळसा, पोरगी थंडीत उघडी पडून राहिली, तुले दिसत नाही का वं?" असं दारातूनच सुरू. पण लेकरू मांडीवर घेतलं की बाई मऊ होऊन जाय.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात ती पोलिओचे थेंब घेऊन आली. थर्मासात बर्फ, बर्फात इवलीशी बाटली. जया सहा महिन्यांची, नाक वाहून राहिलं होतं. बाटलीले हात लावला तर बोट गारठलं. म्हटलं, "ताई, एवढं थंड लेकराच्या पोटात घालता? छाती भरंल तिची. जराशी गरम तर करा."

तिनं जयाच्या नाकाकडे पाहिलं. "आण वाटीत गरम पाणी," म्हणे. मीच चुलीवरून आणलं. बाटली वाटीत, आम्ही गप्पांत, चहा झाला, मग थेंब दिले. पुढचे दोन्ही डोसही तसेच गेले. बायकांले हे भारी आवडलं, मग ताई घरोघरी तसंच करू लागली.

पुढच्या पावसाळ्यात जयाले ताप आला. चौथ्या दिवशी उतरला आणि डावा पाय उचलेना. उभी केली तर तो ओल्या लुगड्यासारखा लोंबे. डॉक्टर म्हणे, पोलिओ. म्हटलं, थेंब तर पाजले होते. तो पुढचं लेकरू तपासू लागला. मी मात्र नशिबाले, डॉक्टरले, नवऱ्याले, साऱ्यांले शिव्या घातल्या.

दोन वर्षांनी सिंधूताईचं रामदासपेठेत ट्रेनिंग झालं. तिथून ती सरळ आमच्या घरी आली आणि जमिनीवर बसली. पाणी दिलं, प्याली नाही. धोंडबाच्या मागाकडे पाहत बोलू लागली.

"तुळसा, तो व्हायरस असते ना, त्याले तोंड नाही, पोट नाही. एकटा असला तर धुळीसारखा पडून राहते. पण शरीराच्या एखाद्या पेशीत शिरला, की समज तुमच्या मागावर कोणी परका येऊन बसला. माग तुमचा, सूत तुमचं, हात तुमचे, पण नमुना त्याचा. एक नाही, हजारो काढून घेते. मग पेशी फुटते आणि ते सारे बाजूच्या पेशींत शिरतात. पोलिओचा तोंडातून पोटात जाते. बहुतेकांच्या तिथंच संपते. एखाद्याच्या पाठीतल्या मज्जातंतूपर्यंत पोचते. तिथल्या पेशी मेल्या की परत येत नाहीत."

"मग थेंब कशाचे असतात?"

"त्याच व्हायरसचे. दुबळा करून ठेवलेला. शरीर त्याले ओळखून ठेवते, मग खरा आला की दारातच धरते. पण दुबळा असला तरी तो धड पाहिजे वं. गरमीनं खराब होते, आणि बाटली पाहून काही समजत नाही. रंग तोच राहते." तिनं तळहात मांडीवर उपडे ठेवले. "मी जयाले नुसतं पाणी पाजलं असंन. गरम करायले मले पहिल्यांदा कोणत्या बाईनं लावलं, तेही आठवत नाही. काहून ऐकलं मी?"

ती वाटी समोर फळीवरच होती. मी उठून ती भांड्यांमागं सरकवली.

ट्रेनिंगच्या डॉक्टरनं तिले सांगितलं होतं, की बरोबर दिलेले डोसही काही लेकरांले लागू पडत नाहीत, म्हणून तुमच्यामुळंच झालं असं कोणी म्हणू शकत नाही. हे तिनं मले सांगितलं, पण स्वतः मानलं नाही. मी मानलं, माझ्यापुरतं.

मग ती दर रविवारी जयाच्या पायाले तेल चोळायले येऊ लागली. पाच वर्षं. ती दिसली की मले संताप येई, मी भांडे आपटत राही. तिले वाटे, पोरीपायी माझा जीव जळते. आणि मोहल्ल्यात कोणी बाई औषध गरम करा म्हणाली, की ताई तिच्यावर वस्सकन ओरडे, आणि मग आमच्या ओट्यावर येऊन डोळे पुसे.

सत्याऐंशीत रिटायर होऊन ती उमरेडले भावाकडे जायले निघाली. मी ठरवलं, आज सांगायचंच. डब्यात भाकरी-बेसन घेतलं, पायाले आधाराचं लोखंडी कॅलिपर घातलेल्या जयाचा हात धरला आणि बस स्टँडवर गेली. उन्हाळा होता. बस लागली. म्हटलं, "ताई, तुमच्याशी एक बोलायचं होतं."

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "मलेच बोलू दे वं. एवढं झालं, पण तू मले कधी एका शब्दानं दोष दिला नाही. तुझ्याएवढं मोठं मन मी पाहिलं नाही."

जया माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. कंडक्टरनं घंटी वाजवली.

"तू काय म्हणून राहिली होती?" ताईनं पायरीवरून विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "डबा आजच खाऊन घेजा. गरमीनं खराब होते."