तात्यांच्या ज्वारीतल्या भोरड्या

पहाटेच्या ज्वारीला एक ओलसर, गोडूस वास असतो. दवाने जड झालेली पानं अंगाला घासतात, सदऱ्याच्या बाह्या भिजतात, बोटं गारठून जातात. आणि पूर्वेकडे उजेड म्हणावा असं अजून काही नसतं, अंधार तेवढा किंचित विरळ झालेला असतो. अशा वेळी नदीकाठच्या बाभळींकडून एक सळसळ ऐकू येते. दूर देशांहून आलेल्या त्या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या हजारोंनी उठतात, आकाशात एक विशाल वळण घेतात आणि निमोणे गावच्या भरल्या कणसांवर उतरतात. त्या दृश्यासमोर कुणाच्या मनात भक्ती दाटून येत असेल, कुणाच्या मनात काव्य. माझ्या मनात मत्सर दाटून येतो.

मत्सर पाखरांचा नव्हे, माझ्या साडूंचा. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तात्या. ज्वारी त्यांची, बांध त्यांचा, गावच्या सोसायटीत शब्द त्यांचा. एवढ्यावर माझी काही तक्रार नव्हती. मी जन्मभर रेल्वेत गार्ड, दौंड जंक्शनवरून गाड्या नेल्या-आणल्या. निवृत्त झाल्यावर मला पाखरांचे फोटो काढण्याचा नाद लागला, आणि हातभर लांब लेन्सचा नवा कॅमेरा आल्यावर जुना मी मोठ्या मनाने तात्यांना देऊन टाकला. औदार्य अंगलट येतं ते असं! त्या माणसाला कावळा आणि भोरडी सोडून तिसऱ्या पाखराचं नाव ठाऊक नाही, कॅमेऱ्यावरची निम्मी बटणं त्यांनी कधी दाबलेली नाहीत. तरी गेल्या हुरड्याच्या दिवसांत त्यांनी एक फोटो काढला, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्याचा गवगवा झाला.

फोटोत एकही भोरडी धड दिसत नव्हती. अंधुक प्रकाशात कॅमेऱ्याची पापणी जरा जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढ्यात पाखरं हलून फराटे उमटतात, हे मी पुस्तकं वाचून शिकलो होतो. ज्वारीच्या रांगांवरून गुलाबी वारा वाहून गेला असावा, असं काहीसं ते दिसत होतं. सुंदर होतं, हे आज तुम्हांला सांगतो आहे, तेव्हा कबूल करणं मला जड गेलं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "तात्या, पाखरं हाललीत."

"हाललीत म्हंजी?" तात्या म्हणाले. "जिती हायेत, हालणारच की."

यावर सगळे हसले, आमची सौभाग्यवती सर्वांत जास्त. आमच्या दौंडच्या घरात, बैठकीच्या खोलीत, तिने एक चौकट आणून ठेवली होती. तुमचा एखादा चांगला फोटो आला की लावू, असं तिचं म्हणणं. चौकट रिकामीच राहिली होती, आणि त्या रिकामेपणातसुद्धा माझ्याविषयीचा विश्वास आहे अशी माझी समजूत होती. दौंडला परतल्यावर तिने तीत दाजींनी, म्हणजे तात्यांनी, काढलेला तो फोटो लावला. भिंत माझी, खिळा मी ठोकलेला, कॅमेरासुद्धा एकेकाळचा माझाच! रोज चहा घेताना समोर तो फोटो, आणि चहा मला कडू लागायचा.

खरं सांगू का, माझं घोडं अडत होतं माझ्याच एका सवयीपाशी. तात्यांच्या घरात पूर्वापार एक रीत आहे: पहिला घास पाखरांचा. भोरड्या उतरल्या की बांधावर सूर्याची कड दिसेपर्यंत त्यांना खाऊ द्यायचं. मग राखणीच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि दिवसभर त्यांना टेकू द्यायचं नाही. म्हणजे पाखरं निवांत असतात तेव्हा उजेड नसतो, आणि उजेड येतो तेव्हा गोफणीचा दगड येतो. मी मात्र पुरेशा उजेडाची वाट पाहत बसायचो. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे हाडात मुरलेलं. बोट बटणावर आणि नजर आभाळाकडे. माझा सिग्नल पडायचा तेव्हा भोरड्या शेजारच्या शिवारात पोचलेल्या असायच्या. प्रकाश हवा तेवढा झाल्यावरच जगायला लागू, म्हणून किती माणसं अशी बसून राहतात कोण जाणे.

या हिवाळ्यात मी पुन्हा निमोण्याला मुक्कामाला गेलो, तो ती चौकट परत मिळवायचीच असं मनाशी ठरवून. एके पहाटे मी ज्वारीच्या कडेला गुडघे टेकून बसलो होतो आणि तात्या माळ्यावर चढले होते, डोक्याला मफलर, हातात गोफण. थवा उतरला. करडा उजेड पिवळसर झाला. आणखी थोडा, आणखी थोडा, असं मी मनात म्हणत असतानाच बांधावर सूर्याची कड उगवली, तात्यांचा हात डोक्यावरून फिरला आणि सगळं शेत एकदम आकाशात उडालं. माझं बोट कसं दाबलं गेलं ते मला कळलं नाही. जन्मात पहिल्यांदाच मी सिग्नलवाचून गाडी सोडली होती.

फोटो उत्तम आला, असं मीच म्हणतो. मधोमध माळ्यावर तात्या, हात उंच, गोफणीची दोरी हवेत, चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर कोवळं ऊन. आणि त्यांच्याभोवती गुलाबी फराट्यांचा प्रचंड भोवरा. तात्यांनी तो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"पाव्हणं, फोटू झ्याक हाय," ते म्हणाले, "पर पाखरं हाललीत."

याला एकच उत्तर होतं, पण ते त्यांनी आधीच वापरून टाकलेलं. त्याचाही मला हेवा वाटला.

आता चौकटीत माझा फोटो आहे. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थबकतो आणि विचारतो, हे रुबाबदार गृहस्थ कोण? सौभाग्यवती अभिमानाने सांगते, आमचे दाजी. फोटो कुणी काढला, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मी चहा ढवळत बसतो. आमच्या त्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. पहाटे गाड्यांचे भोंगे ऐकत मी अंधारात खुर्चीवर बसतो, ओल्या ज्वारीचा वास आठवत, चौकटीच्या काचेवर उजेड येण्याची वाट पाहतो. तो येतोही. आधी तात्यांवर पडतो, मग माझ्या पाखरांवर.