लांब्रिनीचा तळतळाट

ऑगस्टात ग्रीसच्या डोंगरातल्या मेसोराखी गावात पाय ठेवायला जागा नसते. अथेन्सहून, आर्त्याहून लेकीसुना आणि नातवंडं येतात, चौकातल्या चिनाराखाली पहाटेपर्यंत नाच चालतो. पण त्झुमेर्काच्या कड्यांवरून पहिलं धुकं उतरलं की एकेक दार बंद होतं, माणसं सपाटीवर निघून जातात, आणि हिवाळ्यात अख्ख्या गावात एकाच घरातून धूर निघतो. ते घर लांब्रिनीचं.

लांब्रिनी लग्न होऊन इथं आली ती डोंगरापलीकडून, खेचरावर बसून. नवरा झीसिस गवंडी होता. हाताचा असा पक्का की त्यानं रचलेली भिंत खेचरानं लाथ मारली तरी हलू नये. पण त्या वर्षांत गावातली तरणी पोरं एकामागून एक जर्मनीला चालली होती, तसा तोही निघाला.

"छपराच्या दगडी फरश्या बदलण्यापुरतं कमावतो आणि आलोच," तो म्हणाला. "तू आईला बघ."

लांब्रिनीनं आईला बघितलं, शेळ्या बघितल्या, आणि दर ऑगस्टात वाटेवर डोळे लावून त्याची वाट बघितली. पहिली काही वर्षं तो आला. मग एक उन्हाळा चुकला, त्यापुढचाही चुकला. पोरबाळ काही झालं नव्हतं, त्यामुळे त्याला ओढून आणणारं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी सुटीवर आलेल्या एकानं चौकात बोलता बोलता सांगून टाकलं की झीसिसनं तिकडे दुसरा संसार मांडलाय. बाई आपल्याच देशातली, द्रामाकडची, त्याच्याच कारखान्यात कामाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागं झऱ्यावर लांब्रिनी पाणी भरत उभी आहे.

ती रडली नाही. भरलेला हंडा तिनं घरी नेऊन ठेवला. मग अंगणात आली, डोक्याचा रुमाल सोडला, गुडघ्यांवर बसून जमिनीवर तळहात आपटला आणि दरी दुमदुमेल अशा आवाजात ओरडली, "मर तिकडंच, झीसिस! आणि मेलास की मातीसुद्धा तुला पोटात न घेवो!"

सासू धावत बाहेर आली. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. "अगं, हे काय बोललीस! आला की काठीनं बडव त्याला, मीच देते काठी. पण असलं नको बोलूस."

त्या डोंगरात याहून मोठा शाप नाही. तिथं माणूस पुरला की काही वर्षांनी त्याची हाडं वर काढतात, लाल वाइननं धुतात, उन्हात वाळवतात आणि चर्चच्या मागच्या कोठीत नीट ठेवतात. हाडं मेणासारखी पिवळी निघाली तर जीव सुटला म्हणायचा. माणूस तसाच्या तसा, काळा, न विरघळलेला निघाला, तर कुणाचा तरी तळतळाट त्याला धरून बसलाय.

आणि हाडं धुवायचं काम गावात लांब्रिनीचंच होतं. तिचा हात हलका होता आणि जीव घट्ट. सासूचीही तिनंच धुतली. सोन्यासारखी निघाली म्हातारी.

पुढं एका वसंतात जर्मनीहून झीसिसची शवपेटी आली. गावच्या मातीत पुरा, असं तो मरताना सांगून गेला होता. ती दुसरी बाई आली नाही. लांब्रिनीनं त्याला कबरस्तानात दरीकडच्या खालच्या रांगेत पुरला, रिवाजाप्रमाणे साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून उकडलेले गहू चार माणसांत वाटले, आणि घरी येऊन शेळ्यांची धार काढली.

त्याला वर काढायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "यंदा नको, माती ओली आहे." पुढच्या वर्षी तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहीतरी निघालं. लोकांनी विचारणं सोडलं. सगळ्यांना आठवत होतं ती काय ओरडली होती ते, आणि तिलाही आठवत होतं. आपल्या जिभेनं खाली काय करून ठेवलंय हे बघायचं धाडस तिला होत नव्हतं. पण राग मात्र जात नव्हता. रोज सकाळी चूल पेटवताना ती त्याच्याशी भांडायची. "तिकडं उबेत लोळलास ना? इथं लाकडं कोण फोडतंय बघ!" हिवाळ्यात तिच्या तोंडून निघणारं तेवढंच बोलणं.

मग एका मार्चमध्ये बर्फ वितळताना डोंगराची कड घसरली आणि कबरस्तानाची खालची भिंत दरीत गेली. खालच्या गावचे धर्मगुरू पापा-लेफ्तेरी गाडी घेऊन वर आले. बरोबर आगीम होता, कुंपणं घालणारा, भिंती बांधणारा अल्बानियाचा माणूस.

"आता सबब चालणार नाही, लांब्रिनी," पापा म्हणाले. "पुढच्या पावसात तो नदीत जाईल."

"जाऊ दे. त्याला लांब जायची सवय आहे."

"लांब्रिनी!"

"बरं, बरं. येते. वाइन घेऊन येते."

आगीमनं खणायला सुरुवात केली. पापा पुटपुटत प्रार्थना म्हणत होते. लांब्रिनी पाठ करून उभी होती. वाइनची बाटली तिनं छातीशी धरली होती. लाकडाचा कुजका आवाज आला. मग आगीमचं फावडं थांबलं.

"काकू," आगीम म्हणाला, "बघा तरी."

ती वळली. झीसिस पिवळाधमक होता. एकेक हाड स्वच्छ, सुटं, जणू कुणी आधीच धुऊन ठेवलेलं. मातीनं त्याला कधीच पोटात घेऊन मोकळं केलं होतं.

लांब्रिनी खड्ड्याच्या काठाशी आली आणि वाकून बघू लागली.

"देवाची कृपा!" पापा म्हणाले. "तू क्षमा केलीस, म्हणून."

"मी?" ती म्हणाली. "मी कधी केली?"

"मनातून केली असशील."

"माझ्या मनात मीच राहते, पापा. मला कळलं नसतं?"

तिनं बाह्या वर केल्या आणि कामाला लागली. डाव्या हाताच्या एका बोटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. परसातली पावाची भट्टी बांधताना तो हातोडा स्वतःच्याच बोटावर मारून बसला होता. तिनंच काटकी बांधून दिली होती, आणि तो वेदनेनं ओरडायच्या ऐवजी हसत सुटला होता. ते हाड तिनं पुन्हा पुन्हा धुतलं. आगीमनं बाटली हातातून काढून घेतली तेव्हा ती रिकामी झालेली होती.

त्या साली धुकं लवकर उतरलं. पुतण्या आर्त्याहून न्यायला आला. "काकी, चल ना, तिकडं हीटर आहे, टीव्ही आहे." ती गेली नाही. पण पहिल्या बर्फाच्या सकाळी चूल पेटवायला बसली आणि तोंड उघडून तशीच थांबली. भांडायला काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं आपण त्याला मातीत धरून ठेवलाय. तो कधीचाच गेला होता, आणि ती रिकाम्या दोरीला ओढ देत बसली होती. घर एवढं शांत तिनं कधी ऐकलं नव्हतं. काड्या ओल्या आहेत, कोल्ह्यानं कोंबडी नेली, असं काहीबाही ती हळू आवाजात बोलून बघायची. पण ते आपण कुणाला सांगतोय हे तिचं तिलाच समजत नसे.

नाताळानंतर आगीम बर्फ तुडवत वर आला. पाव, औषधाच्या गोळ्या आणि रॉकेल घेऊन. तिनं त्याच्यापुढं मक्याच्या पिठाचा चीज घातलेला भाजलेला तुकडा ठेवला, पेल्यात घरची दारू ओतली आणि म्हणाली, "वाइन लालच घ्यायची. गोड नको. आधी डोकं धुवायचं, मग हात."

"काय सांगताय, काकू?"

"नीट ऐक. ऊन असेल त्या दिवशीच काढायचं. घाईनं कापडात गुंडाळायचं नाही, ओल राहते."

ती स्वतःच्याच हाडांचं बोलतेय हे आगीमच्या आता लक्षात आलं. तो खाली बघत तुकडा चघळत राहिला.

"आमच्यात हे नसतं," तो म्हणाला. "मला जमेल का?"

"मला तरी कुठं जमत होतं? हात चालवला की येतं."

तो निघाला तेव्हा पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. दारात उभी राहून ती त्याला वळणापर्यंत बघत राहिली. तिथं तो थांबला, मागं वळून ओरडला, "आणि बोटं? बोटं कधी धुवायची?"

"हातांबरोबरच!" ती ओरडली.

तिचा आवाज दरीत उतरला, समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला. मग ती आत गेली आणि चुलीत एक लाकूड सारलं.