ग्लेबची मुलगी

मीनाक्षीने मॉस्कोत शिकत असताना लग्न केलं आणि नागपूरला घरी कळवलं ते उरकल्यावर. नवरा वर्गातलाच. ग्लेब, खाणकामगाराचा मुलगा, उंच आणि लाजाळू. अनिका झाली तेव्हा तिथल्या रीतीप्रमाणे बापाला प्रसूतिगृहात सोडेनात, तर हा गडी बर्फात खिडकीखाली उभा राहून ओरडत होता, "दाखव की! एकदा दाखव!"

मग देशच मोडला. ग्लेबची तेलखात्यातली नोकरी गेली आणि तो भाड्याने गाडी चालवू लागला. अपमान त्याच्या अंगात भिनत गेला. आधी तो मंत्र्यांना शिव्या द्यायचा, मग बाजारातल्या दक्षिणेकडच्या विक्रेत्यांना, मग सरसकट सगळ्या बाहेरच्यांना. घरी मित्र जमायचे. एकदा त्यातला एक जण म्हणाला, "या काळ्यांना हाकलल्याशिवाय रशिया सुधारायचा नाही." मीनाक्षी चहा ओतत होती.

"तुला नाही म्हणत ते," ग्लेब हळूच म्हणाला. मित्राला मात्र तो काहीच बोलला नाही.

ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत नोकरी मिळाली तशी ती मुलीला घेऊन निघाली. "तू पुढे हो, मी येतोच," असं तो म्हणाला होता. आले ते घटस्फोटाचे कागद.

ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडला तिने घर केलं. दिवसभर ऑफिस आणि संध्याकाळी अनिकाला रशियन शिकवणं. उद्या बापलेक भेटले तर मध्ये दुभाषा नको, एवढाच तिचा हेतू. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर रशियन मात्र अस्खलित बोलायची. बापाविषयी आईने वाईट शब्द कधी काढला नाही.

२००३ साली कडव्या राष्ट्रवाद्यांच्या तिकिटावर ग्लेब रशियाच्या संसदेत निवडून आला. अनिकाने इंटरनेटवर त्याची भाषणं शोधून वाचली. हसतहसत बसलेली पोर वाचतावाचता गंभीर झाली.

"आई, ही डझन्ट मीन अस, राइट?"

"नाही गं. निवडणुकीत सगळेच असं बोलतात," मीनाक्षी म्हणाली. तिलाही तसंच वाटायला हवं होतं.

दोन वर्षांनी तेलाच्या एका परिषदेसाठी रशियन शिष्टमंडळ ह्यूस्टनला आलं. त्यात ग्लेब होता. अनिकाने नवा ड्रेस घेतला. मीनाक्षीने तिला हॉटेलवर ड्राइव्ह करून नेलं आणि स्वतः लॉबीत खांबापाशी थांबली. तो आला, अंगाने सुटलेला, भोवती चारपाच माणसं आणि एक कॅमेरावाला. अनिका पुढे झाली.

"बाबा, मी अनिका," ती रशियनमध्ये म्हणाली.

ग्लेब थबकला. त्याचा हात तिच्या केसांपर्यंत उचलला गेलेला मीनाक्षीने पाहिला. मग त्याची नजर कॅमेऱ्याकडे गेली आणि तोच हात त्याने हस्तांदोलनासाठी पुढे केला.

"तुम्ही फार छान रशियन बोलता. कुठे शिकलात?"

"आईने शिकवलं."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," असं म्हणून तो लिफ्टकडे गेला. मीनाक्षी दहा पावलांवर उभी होती. त्याने तिला पाहिलं होतं.

रशियनमध्येही आपल्यासारखंच आहे, जवळच्याला तू, परक्याला तुम्ही. गाडीत बसल्यावर अनिकाने पट्टा लावला. "ही कॉल्ड मी 'तुम्ही', आई," एवढंच बोलली. रडली नाही. मीनाक्षीला वाटलं, रडली असती तर निदान जवळ तरी घेता आलं असतं.

२००७च्या निवडणुकीत विरोधकांनी जुना फोटो शोधून काढला. सावळी बायको आणि तिच्या कडेवर मुलगी. टीव्हीवर त्याला विचारलं गेलं. "ती बाई इथे शिकायला होती. मुलगी तिची. माझ्या घरात सगळे रशियन आहेत," तो म्हणाला. आईला कळायच्या आधीच अनिकाने ते पाहिलं होतं. तिला एकेक शब्द समजला.

ग्लेब निवडून आला. मीनाक्षीने कुठून तरी नंबर मिळवून फोन लावला.

"मीना, मला बोलावं लागलं गं," तो म्हणाला. आवाज अजून तसाच मऊ होता. "लोकांनी फाडून खाल्लं असतं मला. ती कशी आहे?"

"कोण?" मीनाक्षीने विचारलं आणि फोन ठेवून दिला. मग ओट्यापाशीच खाली बसून ती ओक्साबोक्शी रडली.

पुढच्या वर्षी अनिकाने कोर्टात जाऊन आडनाव बदलून घेतलं. आता ती आईचं माहेरचं आडनाव लावते. त्या दिवशी कोर्टातून येताना दोघी वाटेत जेवल्या, ऑफिसच्या गप्पा मारल्या. अजूनही बोलण्याच्या ओघात मीनाक्षीच्या तोंडून एखादा रशियन शब्द निसटतो. अनिका मान वर करून विचारते, "व्हॉट?" आणि खरंच कळलं नसल्यासारखी बघत राहते.