ग्राइंडरसमोरची रोजरी
लोखंड जळल्याचा वास आला की पापडी गावातली ती दुपार आठवते. नवरा विहिरीचा गंजलेला पाइप ग्राइंडरने कापायला बसला, तेव्हा सासूबाईंनी आपली रोजरीची जपमाळ त्याच्या गळ्यात घातली. “आता मारियामाता सांभाळील.” ठिणग्या केळीच्या पानांवर उडत होत्या. तो वाकला, तशी रोजरी शर्टाबाहेर येऊन फिरत्या चकतीसमोर झुलू लागली. हाक मारावी तर तो दचकणार, म्हणून मी पळत जाऊन मेन स्विच बंद केला, तरी चकती फिरतच होती. अखेर ती थांबली आणि सासूबाईंच्या देखत मी रोजरी त्याच्या गळ्यातून काढली. त्यांनी ती माझ्याकडून घेतली, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “कर चालू, बाबा. मी इथून जपते.” आता मुलगा ग्राइंडर लावतो, तेव्हा तीच रोजरी घेऊन ओट्यावर मी बसते.