हळदीच्या ताडपत्रीवर ऐकलेला अल्बम

मला गाण्यातलं फार कळत न्हाई. शाळा चौथीतच सुटली. पण माझी पोरगी गाते आन तिच्या गाण्यांबद्दल शहरातली माणसं इंटरनेटवर लिहितात. त्यांनी लिहावं आन मी गप बसावं, असं काही न्हाई. म्हणून मीबी लिहून ठेवतो.

पोरगी पुण्यात नोकरी करते आन सुट्टीच्या दिवशी दोस्तांसंगं गाते. गिटार, ड्रम, सगळं हाय त्यांच्याकडं. तिची माय गेली, त्यानंतर तिनं हा अल्बम काढला. सगळी गाणी संथ. गिटार असं घुमतं, जसं कुणी विहिरीत तोंड घालून बोलून राहिलं. एक ओळ म्हणायची आन गप व्हायचं. मागं नुसती घुमघुम. मग दुसरी ओळ. पहिल्यांदा तिनं मला फोनवर ऐकवलं तवा मी मधीच म्हणलो, "फोन कटला का गं?"

"बाबा, गाणंच तसं आहे."

शेतातली हळद काढायच्या दिवसांत ती घरी आली ती तोंड पाडूनच. विचारलं तर मोबाईल काढून वाचायला लागली. अल्बमवर काही जणांनी लिहिलं होतं. एकानं चांगलं लिहिलं होतं, ते तिनं भराभर उरकलं. दुसऱ्याचं मात्र शब्द न शब्द वाचलं. त्याचं म्हणणं, या गाण्यांत उदासपणाशिवाय काही न्हाई, आन दोन ओळींमधल्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागा ऐकणाऱ्याला दाराबाहेर उभं करतात. म्हणे या माणसाचं सगळे ऐकतात.

"पुण्यात आमचा कार्यक्रम ठरलाय," ती म्हणली. "आज दोस्तांना कळवते, रद्द करा. आणि गाणंही बास आता."

बायको गेल्यापासून या घरात गाणं म्हणून जे उरलं होतं ते एवढंच, तेबी फोनमधून येणारं. पण समजूत घालणं मला जमत न्हाई. ते काम बायकोचं होतं. मी आपलं म्हणलो, "बायका येऊन राहिल्या. चहा टाक."

बायका हळद निवडायला येत होत्या. शिजवून वाळवलेली हळद अंगणात ताडपत्रीवर पसरली होती. जाड गोल गड्डे एकीकडं, लांब हळकुंडं एकीकडं करायची. या सगळ्या माझ्या बायकोच्या भजनातल्या. ती पुढं म्हणायची, या मागं. आमच्याकडं रीत अशी, की पुढचीनं ओळ म्हणून थांबायचं आन मागच्यांनी ती उचलायची. कुणी उचलली न्हाई तर माझी बायको पुढं सरकायचीच न्हाई. टाळ तसाच हातात धरून डोळे वटारायची. सगळं भजन अडायचं, पण ही हटायची न्हाई.

त्यांतली एक बायकोची जिवाची मैत्रीण. चहा घेता घेता ती पोरीला म्हणली, "काहून गं, आमाला काहून ऐकवत न्हाईस तुझी गाणी?"

"नको मावशी, झोप येईल तुम्हाला."

"येऊ दे की! भाऊजी कुठं झोपू देतात कामावर!"

पोरीनं नाइलाजानं गाणं लावलं. मावशीनं मोबाईल घेऊन रिकाम्या घमेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा होतो. घमेलं घुमायला लागलं. पहिली ओळ आली आन पोरगी गाण्यात गप झाली.

मावशीनं हळकुंडावरची नजर न उचलता ती ओळ उचलली. तिच्या मागं बाकीच्यांनी. यांचं म्हणून होतं न होतं तोच मोबाईलमधून दुसरी ओळ आली. अगदी बराबर. बायकांनी तीबी उचलली. ती जागा आपल्यासाठीच सोडली, असंच त्यांनी धरलं होतं.

पोरगी चहाचं भांडं हातात धरून बघतच राहिली. "मावशी, तिथं कुणी म्हणायचं नसतं."

"मंग थांबतीस कशाला?"

"माहीत नाही. गाताना आपोआप थांबले."

"तुझी माय थांबायची तशीच थांबतीस. लेकरू होतीस तवा तिच्या मांडीवरच तर असायचीस भजनात."

पोरगी भांडं घेऊन मावशीशेजारी बसली. गाणी चालू राहिली. शेवटच्या गाण्यात ओळ म्हणून झाली तरी पुढची येईना. बायका वाट बघून राहिल्या. एक म्हणली, "गिटारवाला जेवायला गेला का गं?" सगळ्या खिदळल्या.

मग मी त्या लिहिणाऱ्याचं सांगितलं. मावशी म्हणली, "एकटाच ऐकत बसला आसंल, कानात ते बोंडं घालून. एकट्याला रिकामंच लागणार की!"

पोरगी हसली. तिची माय हसायची तशी, नाकातून आवाज काढत. चहा ताडपत्रीवर सांडला तरी थांबेना. मी हळकुंडं उगाच इकडची तिकडं केली.

हसू ओसरल्यावर तिनं तिथंच बसून दोस्ताला फोन लावला. "रद्द नाही करायचं. आणि शेवटचं गाणं कापू थोडं, लांबलंय... कोण म्हणतं? इथले लोक म्हणतात."

मावशीनं पहिल्यापासून लाव म्हणलं. पोरीनं लावलं. बायको असताना मी भजनात कधी तोंड उघडलं न्हाई. त्या दिवशी पहिली ओळ आली, जागा आली, आन मी सगळ्यांच्या आधी उचलली.

"भाऊजी," मावशी म्हणली, "तुमी हळदच निवडा."